पहिला आलेल्या मुलाचं काय झालं?

धडा गांडुळावरचा होता. गांडूळ जमीन कशी भुसभुशीत करतं, डोळे नसूनही त्याला उजेड कसा कळतो, एवढंच त्यात होतं. भाषेच्या बाईंनी सातवीच्या वर्गाला तो वाचायला लावला, 'वाचून तुम्हाला काय वाटलं ते लिहा' म्हणून सांगितलं, आणि संध्याकाळी घरी जेवणाच्या टेबलावर वह्यांचा गठ्ठा सोडून पहिली वही उघडली.

'हा पाठ वाचून माझे मन हेलावून गेले. लेखकाने पात्रे हुबेहूब उभी केली आहेत. यातून आपल्याला बोध मिळतो की नेहमी खरे बोलावे.'

बाईंनी चष्मा काढला, पदराने पुसला, परत लावला. मजकूर तोच होता. दुसरी वही उघडली. तिथेही मन हेलावलेलं. तिसरीत 'हेलाऊन', चौथीत 'हेलवून'. निम्म्या वर्गाचं मन गांडुळाने हेलावून सोडलं होतं. उरलेल्यांनी धडाच पुन्हा उतरवून काढला होता आणि खाली 'हे मला खूप आवडले' अशी ओळ चिकटवून दिली होती.

"अहो, हे ऐका," त्या नवऱ्याला म्हणाल्या. नवरा दवाखान्यात एक्स-रे काढायचा. दिवसभर लोकांची हाडं बघून आल्यावर तो कशालाच फारसा दचकत नसे. "म्हणे पात्रं हुबेहूब उभी केली आहेत!"

"कुठलं पात्र?"

"गांडूळ."

"मग बरोबर आहे. हुबेहूबच असणार. दोन्हीकडून सारखंच दिसतं."

"तुम्हाला थट्टा सुचतेय. माझ्या नाकी नऊ आलेत."

"मग सगळ्यांना सारखे मार्क दे आणि ऊठ. लिहिलंय सारखं, मार्क सारखे. कोणी भांडायला येणार नाही."

बाई उठल्या नाहीत. प्रत्येक वहीत लाल पेनाने 'का?' लिहीत राहिल्या. हा त्यांचा जुना शेरा. आवडले, का? मन हेलावले, कशाने? त्यावरूनच मुलं पाठीमागे त्यांना 'का-बाई' म्हणायची. बाईंच्या ते कानावर होतं आणि त्याबद्दल त्यांची तक्रार नव्हती. तक्रार ही होती की इतक्या वर्षांत त्या 'का'ला उत्तर म्हणून कोणी काही लिहिलं नव्हतं. मुलं शेरा बघायची, मार्क बघायची आणि वही दप्तरात कोंबायची.

ही हेलावणारी वाक्यं कुठून येतात ते शोधायला फार लांब जावं लागलं नाही. शाळेच्या कोपऱ्यावर झेरॉक्सच्या दुकानावर एक शिकवणी होती. तिथल्या क्लासवाल्या सरांनी मुलांना एक छापील कागद वाटला होता: कुठल्याही गोष्टीला, कवितेला किंवा धड्याला चालतील अशी दहा-बारा वाक्यं. सर सगळ्यांना एकाच मापाचे कपडे शिवत होते आणि मुलं ते गांडुळालासुद्धा चढवत होती.

बाईंनी शब्दांवर बंदी घातली. फळ्याच्या एका कोपऱ्यात चौकट आखली आणि आत लिहिलं: आवडले, हेलावले, बोध, हुबेहूब. हे शब्द वहीत दिसले तर वही परत. पुढच्या आठवड्यात 'आवडले'च्या जागी 'पसंत पडले' आलं, जणू मुलांनी गोष्ट दुकानात चपलेसारखी पायात घालून बघितली होती. बोधाऐवजी 'शिकवण' आली. हेलावण्याऐवजी मन 'थरारून' गेलं. बाईंनी डोक्याला हात लावला.

"तुम्हाला खरंच काही वाटत नाही का रे वाचून?" त्यांनी वर्गाला विचारलं.

मग मागून कोणीतरी म्हणालं, "वाटतं ना, बाई. पण तुम्हाला काय वाटायला हवंय ते आधी सांगा, म्हणजे लिहायला बरं."

त्या दिवशी मधल्या सुट्टीत बाई शिक्षक-खोलीत गेल्याच नाहीत. पहिल्या मजल्यावरच्या वर्गातच खिडकीशी उभ्या राहिल्या, कारण कोणाशी बोललं तर आवाज चढेल हे त्यांना ठाऊक होतं. खाली सायकल-स्टँडच्या पलीकडे मुलं बॅट-बॉल खेळत होती आणि भांडण जुंपलं होतं. मधोमध सातवीतलाच एक गुटगुटीत मुलगा हातवारे करत होता. सगळे त्याला वकील म्हणत.

"आउटच आहे!" वकील ओरडत होता. "तू रेषेच्या आत होतास तर धूळ बाहेर कशी उडाली? हे बघ, तुझ्या बुटाचा ठसा. आणि बॉल लागला तेव्हा तू मागे वळून पाहिलंस. आत असतास तर वळला असतास कशाला?"

बाई बघत राहिल्या. हाच वकील, ज्याच्या वहीत गांडुळाने त्याचं मन हेलावलं होतं. इथे त्याच्याकडे म्हणणं होतं, पुरावा होता, पुराव्यावरून काय ठरतं तेही होतं. समोरचा मुलगा तितक्याच तावातावाने दुसरे पुरावे काढत होता. मैदानात एवढं डोकं चालतं आणि जिना चढून वर आलं की कुठे जातं ते? बाईंना त्यातही आधी रागच आला. मग त्या तशाच वर्गात थांबल्या, फळा पुसला आणि तास सुरू होताच म्हणाल्या, "आउट की नॉट आउट?"

"आउट!" अर्धा वर्ग. "नॉट आउट!" उरलेला.

"कशावरून?"

त्या तासाला धडा झाला नाही, नुसती कलकल झाली. शेजारच्या वर्गातून गणिताचे सर दोनदा डोकावून गेले. शेवटी बाईंनी सांगितलं, की गोष्ट वाचून लिहायचं ते असंच. तुमचं म्हणणं सांगा, मग गोष्टीतली ती जागा दाखवा जिथे तुम्हाला बुटाचा ठसा दिसला, आणि मग त्यावरून काय ठरतं ते सांगा. म्हणणं काहीही असू दे. गोष्ट टुकार आहे असं म्हणा, पण ठसा दाखवा.

"टुकार म्हटलं तरी चालेल?" वकिलाने विचारलं.

"चालेल."

"मार्क?"

"ठशाला मार्क."

लगेच सगळं सुरळीत झालं असं नाही. पहिल्या खेपेला वकिलाने लिहिलं: 'कवी दुःखी आहे. पुरावा: कवी म्हणतो, मी दुःखी आहे.' बाकीच्यांनी अख्खे परिच्छेद उतरवून वर पुरावा असं नाव घातलं. बाईंचा लाल पेन महिन्यात संपला. पण हळूहळू एखाद-दुसरी ओळ अशी यायला लागली, की ती वाचून बाई थांबत. तशा ओळी जास्त करून एकाच मुलीच्या वहीत असत.

ही मुलगी काडीसारखी बारीक होती. वर्गात फारशी बोलायची नाही, पण बोलली की टोचायची. मुलांनी तिचं नाव टाचणी ठेवलं होतं. तिची आई घरी शिवणकाम करायची, लोकांचे कपडे आत-बाहेर करून द्यायची. टाचणी चार ओळींच्या वर लिहीत नसे. एका गोष्टीवर तिने लिहिलं होतं: 'आजी म्हणते तिला भूक नाही. पण त्याआधी दोनदा तिने डब्याचं झाकण उघडून पाहिलं आहे. आजी खोटं बोलते आणि गोष्टीतल्या कोणालाच ते कळत नाही.'

बाईंनी ती वही नवऱ्यापुढे धरली. त्याने वाचली, पुन्हा वाचली आणि काही थट्टा न करता परत दिली.

सगळं जरा मार्गी लागतंय असं वाटत होतं, आणि तेवढ्यात हेडसरांचं पुस्तक आलं.

हेडसर म्हणजे मुख्याध्यापक. माणूस वाईट नव्हता. शाळेचं छप्पर गळायला लागलं तर स्वतः शिडीवर चढायचे. पण गेली काही वर्षं ते मुलांसाठी गोष्टी लिहीत होते, आणि आता त्या पदरमोड करून छापल्या होत्या. प्रकाशन शाळेच्याच सभागृहात होणार होतं. त्यांनी बाईंना बोलावून पुस्तक हातात ठेवलं.

"पहिलीच गोष्ट सातवीला वाचायला द्या. मुलांनी मनापासून लिहिलेले प्रतिसाद फलकावर लावू. पाहुणे बघतील. तुमच्या वर्गाचं हल्ली बरंच ऐकतोय मी."

"मनापासून?" बाईंनी विचारलं.

"अगदी मनापासून."

"सर, माझी मुलं हल्ली खरंच मनापासून लिहितात."

"तेच तर हवंय!" हेडसर खूश होऊन म्हणाले, आणि पुढे काय होणार ते बाईंना तिथल्या तिथे दिसलं.

गोष्ट अशी होती. एक मुलगा धावण्याच्या शर्यतीला निघतो. वाटेत एक म्हातारा पडलेला असतो. मुलगा त्याला उचलतो, दवाखान्यात नेतो, आणि शर्यत हुकते. तो मैदानावर पोचतो तेव्हा बक्षीस-समारंभ चाललेला असतो. पाहुण्यांना त्याची हकिगत कळते, आणि ते पहिल्या क्रमांकाचा कप त्यालाच देतात. टाळ्यांचा कडकडाट होतो. गोष्ट संपते.

बाईंनी ती वर्गाला वाचून दाखवली आणि मनातल्या मनात प्रार्थना केली, की आज निदान थोडं तरी मन हेलावू दे. मुलं ऐन वेळी साथ सोडतात. एरवी हेलावण्यात पटाईत असलेल्या त्या वर्गात त्या दिवशी एकाचंही मन जागचं हललं नाही. वकिलाने लिहिलं, की एकट्या मुलाने मोठ्या माणसाला उचलून नेणं शक्य नाही, कारण आधीच्या पानावर मुलगा 'किडकिडीत' आणि म्हातारा 'धिप्पाड' आहे. आणि टाचणीने लिहिलं:

'शर्यतीत पहिला कोणीतरी आला असेलच. त्याचा कप काढून घेतला. गोष्टीत त्याच्याबद्दल एक शब्द नाही. त्याने काय वाईट केलं होतं? त्याचं काय झालं?'

बाई ते कागद घेऊन हेडसरांच्या खोलीत गेल्या. हेडसर वाचत गेले आणि त्यांचा चेहरा उतरत गेला. टाचणीच्या कागदाशी ते बराच वेळ थांबले.

"हे तुम्ही शिकवलंत?"

"प्रश्न विचारायला शिकवलं. हा प्रश्न तिचा आहे."

"अहो बाई, गोष्ट परोपकाराची आहे! हिला परोपकार दिसला नाही, कप दिसला."

"सर, कप तुम्हीच मध्ये आणलात."

हेडसरांनी कागद उलटा करून टेबलावर ठेवला. मग हेडसर म्हणाले, "तिला म्हणावं, पुन्हा लिही. जरा समजून घेऊन."

"मी नाही सांगणार. सकाळी खरं लिही म्हणायचं आणि दुपारी गोड लिही म्हणायचं, हे मला जमणार नाही. तुम्ही तिला विचारा हवं तर."

हेडसरांनी खरंच टाचणीला बोलावलं. ती आली आणि बाईंच्या जवळ सरकून उभी राहिली. हात मागे बांधलेले, बोटं एकमेकांत गुंतलेली.

"घाबरू नकोस," हेडसर म्हणाले. "मला एवढंच सांग, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या असं लिहिलंय ना मी? सगळ्यांत तो पहिला आलेला मुलगाही आला की नाही?"

"म्हणजे तो पण टाळ्या वाजवत होता, सर?"

"वाजवतच असणार."

टाचणीने थोडा विचार केला. "मग तसं लिहायला हवं होतं, सर. नाहीतर कसं कळणार?"

"अगं, कळतं ते! वाचणाऱ्याने समजून घ्यायचं असतं."

"मी समजून घेतलं, सर," ती हळूच म्हणाली. "मला तो दिसला. तो टाळ्या नव्हता वाजवत."

हेडसरांनी तिला वर्गात जायला सांगितलं. बाईंशी ते पुढचे कित्येक दिवस कामापुरतंच बोलले.

प्रकाशनाच्या दिवशी सभागृहाच्या दाराशी मोठा फलक होता आणि त्यावर दुसऱ्या तुकडीतल्या मुलांचे प्रतिसाद होते. सुवाच्य अक्षर, रंगीत समास. 'ही कथा वाचून माझे मन हेलावून गेले.' ओळीने सगळे कागद हेच म्हणत होते. एक पाहुणे चष्मा सावरत वाचून म्हणाले, "वा! या वयात काय जाण आहे मुलांना." बाई शेजारीच उभ्या होत्या. त्यांनी दात आवळले आणि पाहुण्यांना पाण्याचा ग्लास दिला.

त्याने काही बिघडलं नसतं. अपमान गिळायची शिक्षकाला सवय असते. पण कार्यक्रम संपल्यावर खुर्च्या रचताना वकील त्यांच्याजवळ आला. नेहमीसारखे हातवारे नव्हते.

"बाई, आमचं लावलं नाही. म्हणजे आमचं चुकलं होतं का?"

"नाही. चुकलं नव्हतं."

"मग?"

बाईंना बरंच काही सुचलं. जागा कमी होती, दुसऱ्या तुकडीलाही संधी द्यायची होती. पण समोर ज्याला 'कशावरून?' विचारायची सवय त्यांनीच लावली तो मुलगा उभा होता.

"सरांना वाईट वाटलं," त्या म्हणाल्या. "त्यांनी ती गोष्ट फार जीव लावून लिहिली होती."

"खरं लिहिलं म्हणून वाईट वाटलं?"

"हो. खरं ऐकून कधीकधी वाईट वाटतं. मलाही वाटतं."

वकिलाने खुर्चीवर खुर्ची ठेवली. "मग परीक्षेत काय लिहायचं?"

यावर बाईंना रडावं की ओरडावं ते कळेना. त्या म्हणाल्या, "हेच. पण अक्षर नीट काढ." घरी येऊन मात्र त्यांनी दप्तर सोफ्यावर आदळलं.

"वर्षभर उपसून विहीर भरली," त्या नवऱ्याला म्हणाल्या, "आणि त्यांनी एका फलकाने ती रिकामी केली."

"विहीर उपसून भरत नाही, अगं. रिकामी होते."

"माहीत आहे मला! रागात आहे मी!"

परीक्षा झाली. पेपर बाहेरच्या शिक्षकांनी तपासले. हेलावलेल्या मुलांना बरे मार्क पडले, बाईंच्या मुलांना त्यांच्याहून थोडे कमी. पालक तक्रारी घेऊन आले. टाचणीची आईही आली. गळ्यात मोजपट्टी तशीच होती, काम टाकून आली असावी. बाईंनी मनाची तयारी केली.

"मार्कांचं नाही हो काही," टाचणीची आई म्हणाली. "पण ही हल्ली घरातसुद्धा पुरावा मागते. काल मी म्हटलं, माझं काही दुखत नाही. तर म्हणते, मग तू तीन वेळा मशीन थांबवून मान का चोळलीस? आता मी काय बोलू?"

"खरंच दुखतेय का मान?"

"दुखते तर. पण हिला कशाला सांगायचं?" तिने गळ्यातली मोजपट्टी सरळ केली. "आता मशीनवर निम्मा वेळ तीच बसते. सरळ टीप नीट घालते. बाकीचं मी करते."

बाईंनी तिला एक्स-रेसाठी नवऱ्याच्या दवाखान्याचा पत्ता लिहून दिला. त्या दिवशीच्या पालकभेटीत कोणी न रागावता उठून गेलं असेल तर ती एकटीच. वरताण म्हणजे क्लासवाल्या सरांनी नवा कागद काढला होता. त्यात आता प्रत्येक वाक्याखाली तयार पुरावाही छापला होता. बाईंनी तो कागद मधोमध फाडला. तरीही समाधान होईना, म्हणून अर्धाही फाडला.

शाळेला सुट्टी लागायच्या थोडं आधी हेडसरांनी बाईंना बोलावलं. दार लावून घेतलं. टेबलावर एक टाइप केलेला कागद होता.

"वाचा," ते म्हणाले. "कोणाला दाखवू नका."

त्यांनी गोष्टीत एक परिच्छेद घातला होता. पहिला आलेला मुलगा पुढे येतो, हसतमुखाने आपला कप त्या दुसऱ्या मुलाला देतो आणि म्हणतो, 'मित्रा, खरा विजेता तूच.' बाईंना एकदम थकल्यासारखं झालं.

"सर, तो हसतमुखाने देतो?"

"मग काय रडत देईल?"

"मी असते तर रडले असते. निदान घरी जाऊन."

"बाई, तुम्ही प्रत्येक गोष्टीत…" हेडसर थांबले. मग खुर्चीत मागे टेकून म्हणाले, "चौथ्यांदा लिहिलाय हा परिच्छेद. आधी त्याला आजारी पाडला. मग दुसऱ्या गावी पाठवला. काही केल्या तो मैदानातून हलेचना. ती मुलगी म्हणाली ना, तो दिसला म्हणून. आता मलाही दिसतो."

बाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. डोळ्यांखाली सूज होती. वर्गातली सगळी मुलं परवडली, पण हा विद्यार्थी कठीण होता. तरी तो कागद घेऊन आला होता, आणि पुन्हा पुन्हा लिहून आणला होता. तसं करणारा वर्गात एकही नव्हता.

"मग तो काय करतोय ते बघा आणि तेवढंच लिहा," त्या म्हणाल्या. "त्याला चांगला करू नका."

पुढे ते कागद कितीतरी वेळा इकडून तिकडे गेले. बाई समासात पेन्सिलने खुणा करायच्या, हेडसर चिडायचे, दोन दिवस बोलायचे नाहीत, आणि मग नवा कागद पाठवायचे. आता फलकाचं काय, असं एकदा बाईंनी विचारलं तेव्हा ते म्हणाले, "ते राहिलंच." फलक बदलला नाही. मुलांची माफीही त्यांनी कधी मागितली नाही. ते बाईंनी मनात ठेवलं.

दुसरी आवृत्ती निघाली तेव्हा टाचणी आठवीत होती. नव्या परिच्छेदात पहिला आलेला मुलगा कप देतो, कारण सगळे त्याच्याकडे बघत असतात. मग मैदानाच्या कडेला जाऊन बुटाची नाडी सोडतो, बांधतो, पुन्हा सोडतो. घरी आई विचारते, कितवा आलास? तो सांगत नाही. एवढंच. पुस्तकात आभार-बिभार कोणाचेच नव्हते. उलट, प्रकाशनाच्या भाषणात हेडसर म्हणाले, की हा बदल त्यांना एका पहाटे आपोआप सुचला. बाई मागच्या रांगेत होत्या. त्यांच्या शेजारच्या गणिताच्या सरांनी विचारलं, "बाई, तुम्ही काही म्हणालात का?" बाई म्हणाल्या, "नाही. खोकले."

कार्यक्रमानंतर त्यांनी टाचणीला व्हरांड्यात गाठलं आणि पुस्तक तिच्या हातात दिलं. टाचणीने उभ्या उभ्याच ती गोष्ट वाचली. नाडीच्या ओळीशी थांबली, आणि ती ओळ पुन्हा वाचली.

"आता बरी आहे," ती म्हणाली.

"नुसती बरी?"

"चांगली आहे, बाई. नाडीमुळे." मग तिने एक पान मागे उलटलं. "पण त्या म्हाताऱ्याला दवाखान्यात ठेवून हा निघून आला. त्याच्या घरी कोणी कळवलं का?"

बाईंनी डोळे मिटले. पुन्हा उघडले. व्हरांड्याच्या त्या टोकाला हेडसर पाहुण्यांना निरोप देत उभे होते, आज फार खुशीत होते.

"हे बघ," बाई म्हणाल्या, "ते तूच जाऊन विचार. पण पाहुणे जाऊ देत आधी."

टाचणीने मान हलवली आणि पुस्तकात बोट घालून खांबाला टेकून उभी राहिली, पाहुणे जायची वाट बघत.